अंधेरी ते लोअर परळ सायकलने : रस्त्यात नेमकं कुठून चालवायची?

एसव्हीरोडकर

घर अंधेरी पश्चिमेला, ऑफिस लोअर परळला. एस. व्ही. रोडने वांद्र्यापर्यंत, मग माहीम कॉजवे, पुढे सेनापती बापट मार्ग, असं एका बाजूला साधारण १५ किलोमीटर. गिअरची हायब्रिड सायकल, ७०० x ३५ चे टायर, रिम ब्रेक. सकाळी आठला निघायचं, संध्याकाळी सातला परत.

अगदी कडेने चालवली की गाड्या कोपराला घासून जातात आणि जरा आत घेतली की मागून हॉर्न सुरू. मग नेमकं राहायचं कुठे? दुसरं, बस आणि उभ्या गाड्यांमधून कसं काढायचं? तिसरं, शनिवार-रविवारी कार मीच चालवतो. तेव्हा पुढे सायकलवाला असेल तर किती अंतर सोडलं म्हणजे पुरे? पावसाळ्यासाठी वेगळी तयारी असेल तर तीही सांगा. 'मुंबईत सायकल चालवूच नकोस' हा सल्ला घरून मिळालेला आहे, तो परत नको.

तिसरागिअर

तुमचा पहिला आणि तिसरा प्रश्न एकच आहे आणि तो मोजायच्या टेपने सुटतो.

शहरातली लेन साधारण ३.५ मीटरची धरा. पट्टे पुसले असतील, पण जागा तेवढीच. सायकलचं हँडल ६० सेंटिमीटर. छोटी कार दोन्ही आरसे धरून १.९ मीटरच्या आसपास. आता चाक कडेपासून एका फुटावर ठेवलंत तर हँडलचं उजवं टोक येतं ६० सेंटिमीटरवर आणि लेनमध्ये उरतात २.९ मीटर. मागच्या कारवाल्याला वाटतं, मावतंय की! तो वेग कमी करत नाही, लेनही बदलत नाही. तुमचं हँडल आणि त्याचा आरसा यांच्यात राहतो जेमतेम एक मीटर. त्याच वेळी त्याच्या उजवीकडून बाइक घुसली की तो डावीकडे सरकतो आणि त्या मीटरचा अर्धा मीटर होतो. तुमच्या डाव्या हाताला गटाराची जाळी, त्यामुळे तुम्हाला सरकायला जागाच नाही.

तेच चाक कडेपासून १.२ मीटरवर ठेवा. हँडलचं टोक आलं दीड मीटरवर, उरले दोन. १.९ ची गाडी दोन मीटरमधून शहाणा माणूस काढत नाही. त्याला आधीच ठरवावं लागतं: मागे थांबायचं की शेजारच्या लेनमध्ये जाऊन पुढे काढायची. दोन्ही तुमच्या फायद्याचं. हॉर्न वाजेल, वाजू दे. हॉर्न वाजवणाऱ्याने तुम्हाला पाहिलेलं असतं. घाबरायचं ते तुमच्याकडे न बघताच पुढे येणाऱ्याला.

डावीकडे गाड्या पार्क केलेल्या असतील तर माप फूटपाथपासून नाही, गाड्यांपासून घ्यायचं. कारचा दरवाजा पूर्ण उघडला की जवळपास मीटरभर बाहेर येतो. म्हणजे हँडलचं डावं टोक गाडीपासून मीटरभर लांब हवं, चाक १.३ मीटरवर. दोन पार्क केलेल्या गाड्यांमध्ये वीस-पंचवीस मीटरची मोकळी जागा दिसली म्हणून आत शिरू नका. परत बाहेर येताना मागच्याला तुम्ही अचानक उगवल्यासारखे दिसता. रेघ सरळ ठेवा. मागे गाड्या साठल्या आणि पुढे खरंच मोकळा पट्टा असेल तर मागे बघून, हात दाखवून बाजूला व्हा आणि साइड द्या. नंतर तसंच बघून परत आत या.

आता कारमधून. सायकल दिसली की ती रिक्षा आहे असं समजा. रिक्षा सव्वा मीटरच्या वर रुंद असते, तिला ओव्हरटेक करायला लेन बदलावीच लागते. सायकलवाला दिसायला बारीक, पण खड्डा चुकवताना अर्धा मीटर सहज हलतो, म्हणून त्यालाही जागा तेवढीच लागते. तुमचा डावा आरसा आणि त्याचं हँडल यांच्यात दीड मीटर ठेवा. तेवढं मिळत नसेल तर मागे राहा. पुढच्या सिग्नलला तो तुमच्या शेजारी येऊन उभा राहणारच आहे.

मागे राहतानाही अंतर हवं. ५० च्या वेगात ब्रेकवर पाय जायला दीड सेकंद धरला तरी कोरड्या रस्त्यावर गाडी थांबायला ३५ मीटर लागतात. ३० च्या वेगात १८. म्हणजे वेग निम्माही कमी केला नाही, पण अंतर निम्मं झालं.

डावीकडे वळायचं असेल आणि वळण ३० मीटरच्या आत असेल तर सायकलला ओव्हरटेक करूच नका. १५ च्या वेगात तो ते ३० मीटर सात सेकंदांत पार करतो. पुढे काढून लगेच त्याच्या तोंडावर वळलात तर त्याच्याकडे दोनच पर्याय राहतात, तुमचा मागचा दरवाजा नाहीतर फूटपाथ.

दरवाजा उघडताना उजवीकडे बसलेल्याने डाव्या हाताने उघडायचा, डावीकडच्याने उजव्या. लांबचा हात वापरला की खांदा आपोआप वळतो आणि नजर मागे जाते. मागे बसलेल्या पाहुण्यांनाही सांगा, कारण ड्रायव्हर बघतो पण उतरणारा बघत नाही.

डबलबेल

+१. दुसऱ्या प्रश्नाचं मी घेतो.

बस, डंपर, सिमेंटचा मिक्सर यांच्या डावीकडून जायचं नाही. सिग्नलला उभ्या असल्या तरी नाही. कारण साधं आहे. १२ मीटरची बस डावीकडे वळते तेव्हा पुढचं चाक मोठा फेरा घेतं आणि मागचं चाक आतून कापत येतं. फूटपाथ आणि बस यांच्यात सुरुवातीला दोन मीटर दिसतात, वळण संपेपर्यंत तिथे काही उरत नाही. त्यातून ड्रायव्हर वळण्याआधी गाडी थोडी उजवीकडे घेतो, त्यामुळे डावीकडे मोकळी वाट झाल्यासारखी दिसते. नवखा सायकलवाला नेमका तिथेच शिरतो.

डंपरच्या केबिनमधून डाव्या पुढच्या कोपऱ्यातलं जवळजवळ काहीच दिसत नाही, कारण ड्रायव्हर उंचावर आणि उजवीकडे बसलेला असतो. अगदी पुढ्यात, दोन मीटरच्या आत, सायकल उभी असेल तर तीही काचेच्या खाली लपते. सिग्नलला एक तर त्याच्या चांगले पाच मीटर पुढे जाऊन उभे राहा, मागे वळून त्याच्याशी नजरानजर करा, नाहीतर मागेच थांबा. त्याच्या आरशात त्याचा चेहरा तुम्हाला दिसत नसेल तर तुम्हीही त्याला दिसत नाही.

बेस्टची बस स्टॉपला लागत असेल तर वेग सोडून तीन-चार मीटर मागे थांबा. डावीकडून घुसलात तर उतरणारी माणसं थेट अंगावर. उजवीकडून काढायची असेल तर बस पूर्ण थांबलेली हवी, उजवा इंडिकेटर बंद हवा आणि मागून काही येत नसावं. तिन्ही जमत नसेल तर थांबणं स्वस्त. स्टॉपवर बस पंधरा-वीस सेकंदच उभी असते.

रिक्षा वांद्र्यापर्यंतच. ती डावीकडे कधी कापणार हे तिच्या इंडिकेटरवरून कळत नाही, इतर खुणांवरून कळतं: वेग उगाच कमी झाला, ड्रायव्हरची मान डावीकडे झुकली, फूटपाथवर कोणी हात वर केलाय. यातलं काहीही दिसलं की ती तुमच्या पुढ्यात थांबणार हे धरून चाला. कॉजवे ओलांडून माहीमला आलात की रिक्षा संपतात आणि टॅक्सी सुरू होतात. टॅक्सीचा धोका वेगळा. ती रस्त्याच्या मधेच थांबते आणि उतारू डावीकडे, म्हणजे टॅक्सी आणि फूटपाथ यांच्यामधल्या त्याच फटीत उतरतो जिथून तुम्ही निघालेले असता. थांबलेल्या टॅक्सीच्या डावीकडून जायचंच असेल तर माणूस चालतो तेवढ्या वेगाने आणि बोटं ब्रेकवर ठेवून.

पार्क केलेली गाडी निघणार आहे का हे बघायला तिच्या पुढच्या चाकाकडे बघा. इंडिकेटर न देता निघणारे पुष्कळ, पण चाक न वळवता कोणी निघू शकत नाही.

खडखडपूर

मधे चालवा हे कागदावर छान. संध्याकाळी सातला खार-सांताक्रूझला तुम्ही लेनच्या मधोमध १५ च्या वेगाने निघालात तर मागचा बाइकवाला दोन्ही बाजूंनी कट मारून जाईल. आणि कॉजवेवर गाड्या ६० ने जातात, तिथे मधे राहणं म्हणजे हात दाखवून अवलक्षण. तिथे आपली कड बरी.

तिसरागिअर

@खडखडपूर, मी मधोमध म्हटलेलं नाही, कडेपासून १.२ मीटर म्हटलं. साडेतीनच्या लेनचा मध्य पावणेदोन मीटरवर येतो. मधोमध जायचं ते फक्त जिथे लेन अरुंद होते तिथे. एस. व्ही. रोडवर मेट्रोच्या खांबांनी आणि बॅरिकेडने रस्ता आवळलाय तिथे, म्हणजे नानावटी हॉस्पिटल, खिरा नगर, नॅशनल कॉलेज या भागात. बॅरिकेड आणि बस यांच्यामध्ये चेपलं जाण्यापेक्षा पन्नास मीटर सगळ्यांना मागे ठेवणं बरं. तिथे तसाही कोणी २० च्या वर जात नाही.

कॉजवेचं तुमचं अर्धं बरोबर. वेगाचा फरक मोठा असेल तिथे लेन अडवून बसू नये. पण जाळीवर चाक घालूनही चालवू नये. एक मीटर सोडा, दिवे चालू ठेवा. बाइकवाल्यांचा मुद्दाही खरा आहे. त्यांच्यासाठी उपाय रेघ सरळ ठेवणं हाच, दुसरा नाही. ते फट बघून येतात, तुम्ही डुललात तर फट बंद होते.

रबरपॅड

सायकलीबद्दल कोणीच बोलत नाहीये.

ब्रेक: लिव्हर पूर्ण दाबल्यावर ते आणि हँडल यांच्यात दोन बोटं जागा राहिली पाहिजे. राहत नसेल तर केबल ताणा. लिव्हरपाशी असलेला गोल स्क्रू उलटा फिरवला की केबल ताणली जाते, तेवढ्याने भागलं नाही तर ब्रेकपाशी बोल्ट ढिला करून ओढून घ्यावी लागते. रबरावरच्या खाचा बुजल्या की रबर बदला. पावसाळ्याच्या आधी न बघता बदललेलं उत्तम, जोडी फार महाग नसते. रबरात वाळूचे नाहीतर ॲल्युमिनियमचे कण रुतलेले असतात, ते टाचणीने काढा, नाहीतर रिम खरवडली जाते.

आपल्याकडे बहुतेक सायकलींना उजव्या हाताला पुढचा ब्रेक असतो. याचा एक परिणाम लक्षात येत नाही: उजवीकडे वळायचा हात दाखवताना तुमच्याकडे फक्त मागचा ब्रेक उरतो आणि खरं थांबवण्याचं काम पुढचा करतो. म्हणून वळणाच्या २५-३० मीटर आधी मागे बघा, दोन सेकंद हात दाखवा, हात परत हँडलवर आणा, मग ब्रेक, मग वळण. हात बाहेर काढूनच वळायला जाणारे खड्ड्यात आपटतात.

ओल्या रिमवर पहिली दोन-तीन चक्रं ब्रेक लागतच नाही, रबर आधी पाणी पुसतं, मग पकडतं. पावसात थांबायच्या बरंच आधी हलकेच ब्रेक लावून सोडा, मग परत लावा. दूधवाल्या-पाववाल्यांच्या काळ्या सायकलींना क्रोमच्या स्टील रिम असतात, त्या ओल्या झाल्या की थांबणं आणखी वाईट. गाडी चालवणाऱ्यांनी हे ध्यानात ठेवावं. पावसात पुढचा पाववाला तुमच्या अपेक्षेएवढ्या लवकर थांबू शकत नाही, त्याला कट मारून पुढ्यात थांबू नका.

टायर: ३५ चे आहेत ते ठेवा, बारीक घेऊ नका. ७० किलोच्या माणसाला ५० ते ५५ पीएसआय पुरे, पावसाळ्यात पाच कमी. दगडासारखी हवा भरली की ओल्या रस्त्यावर पकड जाते.

काँक्रीटच्या रस्त्यात दोन स्लॅबमधली लांब भेग, काँक्रीट आणि पेव्हर ब्लॉक यांच्यातली पायरी, गटाराच्या जाळीचे रस्त्याच्या दिशेने असलेले गज, या तिन्ही ठिकाणी चाक अडकतं ते समांतर गेल्यामुळे. ओलांडायचंच असेल तर काटकोनाच्या जवळपास ओलांडा, ४५ अंशांहून कमी नको, आणि त्या क्षणी ब्रेक नको. बांधकामाच्या जागी टाकलेले लोखंडी पत्रे आणि मॅनहोलची झाकणं ओली असताना साबणासारखी होतात. त्यांवर सरळ जा, पायडल मारू नका, झुकू नका. सर्वात निसरडा रस्ता पहिल्या सरीत असतो, कारण धुळीत मिसळलेलं तेल वर येतं. दोन दिवस धो धो पडला की उलट पकड सुधारते.

साचलेल्या पाण्यातून जायचं नाही. हिंदमाता असो की किंग्ज सर्कल, पाण्याखाली उघडं मॅनहोल आहे की खड्डा हे वरून कळत नाही. उतरून, आधीच वर असलेल्या फूटपाथने ढकलत न्या.

दिवे: मागे लाल, पुढे पांढरा. पथदिवे असलेल्या रस्त्यावर पुढे २०० ते ४०० ल्युमेन खूप झाले. झोत खाली, सात-आठ मीटरवर रस्त्यावर पडेल असा. समोरच्याच्या डोळ्यांत मारलात तर तो तुम्हाला नाही, फक्त उजेड बघतो. मागचा दिवा सीटच्या दांड्यावर लावतात आणि वर ऑफिसची बॅग लोंबते, दिवा झाकला जातो. मडगार्डवर नाहीतर कॅरिअरच्या मागे लावा. घोट्याला चमकणारी पट्टी बांधा. ती वर-खाली हलते, त्यामुळे मागच्याला हा माणूस पायडल मारतोय हे लांबून ओळखू येतं. पाठीवरच्या जाकिटापेक्षा तिचा उपयोग जास्त असं माझं मत.

एसव्हीरोडकर

फार उपयोगी, आभार. तीन गोष्टी राहिल्या. आरसा लावावा का? कॉजवेच्या तोंडाशी वांद्र्याला कसं काढायचं? आणि मोठ्या चौकात उजवीकडे वळायचं झालं तर?

डबलबेल

आरसा लावा, उजव्या हँडलच्या टोकाला. पण तो मागे काही आहे का हे सांगतो, किती लांब आहे ते नाही, कारण बहिर्वक्र आरशात गाडी लांब दिसते. जागा बदलण्याआधी खांद्यावरून एकदा बघायचंच. ते बघणं मागच्यालाही कळतं, तुमचा चेहरा दिसला की तो आपोआप वेग कमी करतो. इअरफोन मात्र नको, एका कानातही नाही. मागून येणारी इलेक्ट्रिक बस तशीच जवळजवळ आवाज न करता येते.

वांद्र्याला हायवे, सी लिंक आणि कॉजवे अशा तिन्हीकडच्या गाड्या एकाच जागी लेन बदलत असतात. तिथे वेगाने निघून जाण्याचा हट्ट नको. सिग्नलला पुढे येऊन थांबा, हिरवा झाला की पहिल्या लोंढ्याला जाऊ द्या, मागून निघा. जमत नसेल तर उतरून झेब्रावरून चालत ओलांडा. सायकल ढकलणारा माणूस पादचारीच असतो, त्यात लाज काय? एखाददुसरा सिग्नल जाईल. सी लिंक, कोस्टल रोड आणि अटल सेतूवर सायकलला परवानगी नाही, त्यामुळे चुकून त्या लेनमध्ये ढकलले जाऊ नका, नंतर मागे फिरणं कठीण.

उजवं वळण मोठ्या चौकात दोन टप्प्यांत घ्या. सरळ जाणाऱ्यांबरोबर डाव्या बाजूने चौक ओलांडा, पलीकडच्या डाव्या कोपऱ्यात झेब्राच्या थोडं पुढे थांबा, सायकल उजवीकडे वळवून उभी करा. आता ज्या रस्त्याने जायचंय त्याच्या सिग्नलला तुम्ही सर्वात पुढे आहात. तो हिरवा झाला की सरळ. तीन लेन कापत उजवीकडे जाण्याची गरजच पडत नाही. फक्त थांबता ती जागा डावीकडे वळणाऱ्यांच्या वाटेत नाही ना, एवढं बघा. काही चौकांत डावीकडे वळायला सिग्नल नसतो, तिथे मागून गाड्या सतत येत असतात.

उड्डाणपूल शक्यतो टाळून खालच्या रस्त्याने जा. पण पूल जिथे उतरतो तिथे वरून आलेली गाडी वेगात असते आणि तिला पुढच्या डाव्या वळणाला जायचं असतं. त्या शंभर मीटरात उजव्या खांद्यावरून दोनदा बघा.

खडखडपूर

दोन टप्प्यांचं वळण पटलं. बाकी माझं म्हणणं कायम, पहिले पंधरा दिवस रविवारी पहाटे रस्ता पाठ करा. खड्डे आणि जाळ्या कुठे आहेत ते आधीच ठाऊक असलं की गर्दीत नजर गाड्यांवर ठेवता येते.

कलमकसाई

कायद्याचं थोडक्यात, कारण विचारतात सगळे नंतर.

सायकल मोटार वाहन नाही. लायसन्स नाही, विमा नाही. मोटार वाहन कायद्यातली हेल्मेटसक्ती मोटरसायकलला आहे, सायकलला नाही. तरी घाला: भुवयांच्या वर दोन बोटं, पट्टे कानाखाली इंग्रजी व्हीसारखे, हनुवटीखाली एक बोट जाईल इतका घट्ट. एकदा जोरात आपटलेलं हेल्मेट परत वापरायचं नाही, आतला थर्माकोल दबलेला असतो.

मोटार वाहनाने उडवलं तर त्या गाडीचा थर्ड पार्टी विमा सायकलस्वारालाही लागू असतो. चालकाने थांबून जखमीला वैद्यकीय मदत मिळवून देणं मोटार वाहन कायद्याच्या कलम १३४ प्रमाणे बंधनकारक आहे. बेदरकार चालवण्यासाठी भारतीय न्याय संहितेचं कलम २८१ आहे. मदत करणाऱ्या तिऱ्हाइताला मोटार वाहन कायद्याच्याच कलम १३४अ चं संरक्षण आहे, त्यामुळे बघ्यांनी घाबरू नये. गाडी पळून गेली आणि सापडलीच नाही तर केंद्राच्या योजनेत गंभीर जखमेला ५० हजार आणि मृत्यूला २ लाख रुपये, हे दर १ एप्रिल २०२२ पासूनचे. एरवी भरपाईचा दावा मोटार अपघात न्यायाधिकरणात. कायद्यात मुदत अपघातापासून ६ महिन्यांची आहे, बरं वाटू लागल्यावर बघू म्हणत बसू नका.

जागेवर करायचं ते: आधी १०८ किंवा ११२. मग गाडीचा नंबर, गाडी आणि सायकल हलवण्याआधीचे फोटो, त्यात रस्त्याची कड किंवा दुकानाची पाटी दिसली पाहिजे म्हणजे जागा सिद्ध होते. समोरच्या दुकानाचा कॅमेरा असेल तर त्याच दिवशी पोलिसांना सांगा, ते चित्रण काही दिवसांत पुसलं जातं. रुग्णालयात 'सायकलवरून पडलो' असं सांगू नका, गाडीने धडक दिली असेल तर तसंच नोंदवून घ्या, दाव्यात तोच पहिला कागद असतो. आणि वाकलेलं चाक, फुटलेलं हेल्मेट पंचनामा होईपर्यंत दुरुस्तीला देऊ नका.